हरळी लावणारा मेजर

गोल्फ हा खेळ मला आजवर आवडला नाही. एवढासा चेंडू, तो आपणच लांब मारायचा अन् आपणच त्याच्यामागं उन्हात चालत जायचं. मग मारायचाच कशाला? हे मी मेजरला तोंडावर विचारलं होतं. तो म्हणाला, "मुकादम, मेरेकू बी नै मालूम. मैं तो घास देखता."

पोरांची आई जाऊन आता वर्ष होत आलं. सून चांगली आहे, नातवंडं आहेत, पण घरात भांडायला कोणी नाही. म्हणून लिहून राहिलो. चौथी शिकलेल्या माणसानं लिहू नये असा काही कायदा नाही. लिहायचं खरं तर तिच्यावर होतं. पण बसलो की पेन थांबतो. म्हणून मेजरवर लिहितो. मेजरवर लिहिलं की ती आपोआप येते, कारण त्याला सगळ्यात जास्त शिव्या तिनंच दिल्या.

तो मेजर नव्हता, हे आधीच सांगतो. हैदराबादकडच्या कुठल्याशा क्लबात तो मैदानाचं गवत बघायच्या नोकरीला होता. खाकी हाफपँट, बकऱ्यासारखे वाळके पाय, पांढऱ्या मिशा अन् शिंदीच्या पानांची टोपी. हाफपँटीमुळं आमच्या वस्तीनं त्याला मेजर केलं. पहिल्या दिवशी त्यानं सांगून बघितलं की बाबांनो, मी मेजर नाही. दुसऱ्या दिवसापासून ओ देऊ लागला.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. जिकडं बघावं तिकडं नव्या पाट्या, नव्या कचेऱ्या, चुन्याचा वास. लांब लांबचे साहेब बदलून आले अन् संध्याकाळी करायचं काय म्हणून बेजार झाले. त्यांनी अन् मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, काही शेठ लोकांनी मिळून क्लब काढला, अन् रेणापूरच्या वाटेवर आमच्या वस्तीला लागून असलेलं मुरमाड गायरान गोल्फसाठी धरलं. क्लबाचे सेक्रेटरी मोंढ्यातले एक आडते होते. आम्ही त्यांना नुसतं शेठ म्हणायचो. त्यांनीच मेजरला बोलावून घेतलं. मला मुकादम केलं, कारण माझा आवाज मोठा होता. वस्तीतल्या बाया मजुरीला, अन् त्यांची म्होरकी आमची ती. म्हणजे मुकादम मी, पण हुकूम तिचा.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. मेजरनं आम्हाला मैदान दाखवलं, म्हणाला, "साफ करो. दगड-काटे निकालो. घास अच्छी दिखनी चाहिए." अन् सामान आणायला सायकलवर लातूरला गेला.

आता आमच्या बायांचं काय आहे, त्यांचा सगळा जन्म दुसऱ्याच्या रानातली हरळी खांदण्यात गेलेला. हरळी म्हणजे रानाचा वैरी. वरून तोडली तर खालून येते, एक कांडी राहिली तर पुढच्या साली वावर खाते. बाईच्या हातात खुरपं अन् समोर हरळी, म्हणजे काही सांगावं लागत नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी अख्खं गायरान मुळासकट खांदून काढलं अन् माणसाएवढा ढीग लावला, वाळला की पेटवायला. आमची ती ढिगाशेजारी कमरेवर हात ठेवून उभी. मेजर आला तशी म्हणाली, "बघा साहेब, एक मुळी ठेवली न्हाई."

मेजरनं सायकल तशीच आडवी सोडली. ढिगाकडं गेला. टोपी काढली अन् त्या ढिगावर जाऊन बसला, मयतीला बसतात तसा.

"अक्का," तो म्हणाला, "ये क्या करे? पूरे मैदान में एकच चीज मेरे काम की थी. तुम लोगां वहीच उखाड दिये."

"साहेब, ही हरळी हाय."

"हौ. हरळी. पानी नै मांगती. बकरी खाई तो फिर आती. पाँव दिये तो और पसरती. इसपेच खेलते."

"हरळी!" ती म्हणाली, जणू त्याला ऐकू गेलं नसावं. "हिच्यापायी माज्या बापाची कंबर मोडली."

"कल से वापस लगाना."

ती माझ्याकडं वळली. हा येडा मीच घरी आणलाय असं तिचं तोंड. "अवो, हरळी लावायची? लोकांनी बघितलं तर पोरीची सोयरीक मोडंल. हरळी लावणाऱ्याच्या घरातली पोरगी कोण करून घेईल?"

दुसऱ्या दिवशी त्याच बायांनी तीच हरळी परत लावली. तोंडावर पदर ओढून, रस्त्यानं जाणाऱ्यानं ओळखू नये म्हणून. पदराआड सगळ्या हसून हसून आडव्या. मेजरला तेवढीही पुरली नाही. त्यानं आसपासच्या वावरात गाडी पाठवली, बांधावर टाकलेली हरळी द्या म्हणून. शेतकऱ्यांनी आनंदानं दिली. एक म्हातारा तर गाडीमागं मैदानापर्यंत चालत आला, ही माणसं ती परत आणून आपल्याच रानात टाकत नाहीत ना, ते बघायला.

मेजरची आंघोळ वस्तीला नाटकासारखी होती. तो खोलीत आंघोळ करायचा नाही. रोज सकाळी एक कळशी घेऊन मैदानात जायचा, जिथली हरळी सुकलेली दिसेल तिथं हाफपँटीवर बसायचा अन् तिथं अंगावर पाणी घ्यायचा. उद्या दुसरी जागा. साबण नाही, जमिनीला चालत नाही म्हणून. अंगाला हरभऱ्याचं पीठ. चूळसुद्धा वाया घालवायचा नाही, वाकून एखाद्या काडीवर सोडायचा. चेंडू पाडायला मैदानात नऊ भोकं होती; बाया विचारायच्या, "आज मेजर कुठल्या भोकाजवळ बसलाय गं?" एकदा शेठ लातूरचे पाहुणे मैदान दाखवायला घेऊन आले तर हा पिठानं माखलेला, डोळे मिटून, वाटेतच बसलेला. "आओ शेठ," म्हणाला, "बाजू से आओ, इधर गीला है."

आणखी एक खोड होती. खेळणाऱ्याच्या काठीनं गवताचा टवका उडाला की खेळणारा पुढं निघून जायचा अन् मेजर मागं थांबायचा. टवका शोधून आणायचा, उघड्या पडलेल्या जागेवर बसवायचा, चप्पल काढून टाचेनं दाबायचा अन् म्हणायचा, "बैठ अम्मा, बैठ." दर वेळी. म्हाताऱ्या आईला खाटेवर टेकवावं तसं. आमच्या घरात ते बोलणं राहून गेलं. पोरगं रडलं की ती म्हणायची, बैठ अम्मा. भाकर तव्यावरून उडाली की बैठ अम्मा. मी कोणावर तावातावानं ओरडत असलो की मागून आवाज यायचा, बैठ अम्मा, बैठ.

भोकाच्या भोवतीची जागा एकदम गुळगुळीत लागते. पैसेवाल्या मैदानावर तिथं मऊ हिरवं गवत असतं, रोज पाणी पितं. कोरड्या मुलखात वाळूत जळकं तेल कालवून थापतात. शेठनं गॅरेजातून तेलाचे डबे आणूनही ठेवले होते. मेजरनं डब्याला हात लावला नाही. "तेल नीचे जाता," म्हणाला, "नीचे विहीर है." चार दिवस तोंड पाडून हिंडला. मग रेणापूरच्या बाजाराला गेला अन् उड्या मारत परत आला. वाटेत त्याला खळं दिसलं होतं.

आता खळं आम्हाला काय नवीन? माती चोपायची, बैल फिरवायचे, शेणानं सारवायचं, की ज्वारी मळायला फरशीसारखी जागा. पण मेजरनं त्या खळ्यावर खिशातला चेंडू सोडून बघितला होता. खळ्याच्या मालकानं त्याला हाकलून दिलं, तरी तेवढ्यात त्याचं काम झालं. मग आमच्या नऊ भोकांना नऊ खळी झाली, वर चाळलेली बारीक वाळू. सारवायला बाया.

"साहेब," ती सारवता सारवता म्हणाली, "खळ्यावर दाणा येतो. ह्याच्यावर काय येणार?"

"इसपे साब लोगां आते, अक्का."

"मग मळून घ्या चांगले."

असं सगळं हसत-खेळत चाललं होतं, अन् पाऊस गेला. पुढच्या साली परत गेला. नव्या जिल्ह्याच्या नशिबी पहिल्यांदा दुष्काळच आला. गायरानाच्या कडेला एक दगडी विहीर होती, आमची वस्ती तिच्यावर. गावातल्या विहिरींचं अन् आमचं काय होतं ते इथं सांगत बसत नाही. ही आमची होती, एवढं पुरे. पाणी तळाला गेलं. पोहरा सोडला की आधी दगड घासल्याचा खर्र आवाज यायचा अन् मग पाणी. कोणाच्या घरी किती ते आमची ती ठरवायची, विहिरीच्या कठड्यावर उभं राहून. सख्ख्या जावेलाही जास्त मिळायचं नाही. मेजर आपली कळशी घेऊन बायांच्या मागं रांगेत उभा राहायचा.

अशात एक दिवस शेठ टेम्पो घेऊन आले. टेम्पोत डिझेलचं इंजिन अन् पाइप. विहिरीवरच आणून उभा केला.

"मेजर," शेठ म्हणाले, "वरचे मोठे साहेब खेळायला येऊन राहिले. त्यांना पसंत पडलं तर ही जागा क्लबाला कायमची. मैदान हिरवंगार पाहिजे. पाणी सोडा."

मेजर म्हणाला, "ये मौसम में हरा नै होता, शेठ. हरा दिखाये तो झूठ."

"झूठ तर झूठ."

टेम्पोबरोबर आलेली पोरं इंजिन उतरवायला लागली. ते इंजिन एक सकाळभर चाललं असतं तर विहिरीत चिखल राहिला असता. बाया घागरी घेऊन नुसत्या बघत उभ्या. मेजर गेला अन् इंजिनावर जाऊन बसला. ढिगावर बसला होता तसाच.

"साब कू आने दो," तो म्हणाला. "सूखे पे खेलने दो. पसंद नै आया तो इंजिन बिठाओ, मैं बी जाता. तब तक पगार बी नक्को."

शेठनं मनात हिशेब केला. बिनपगारी माणूस, अन् हरला तर इंजिन आहेच. "ठीक," म्हणाले. इंजिन ताडपत्री टाकून विहिरीशेजारीच ठेवलं.

शेठ गेल्यावर मला वाटलं, आता बाया मेजरची आरती करतील. आमच्या तिनं घागर खाली ठेवली.

"ओ मेजर. पाणी कुणाचं?"

"आपका, अक्का."

"मग पैजेवर कुणाचं लावलं?"

मेजरनं टोपी काढून हातात घेतली.

"तुमचा पगार लावा, तुमची हाफपँट लावा. आमची लेकरं काय पिणार ते लावायला तुमाला कुणी सांगितलं?"

 मेजर म्हणाला, "इंजिन उतर रहा था, अक्का. मेरेकू और कुछ नै सूझा."

तिनं घागर कमरेवर घेतली. "लावलंच हाय तर आता जिंका. हरलात तर त्या इंजिनाच्या आधी तुमाला विहिरीत सोडते." अन् जाता जाता वळून म्हणाली, "अन् आजपासून आंघोळ बंद. प्यायला मिळंल तेवढंच."

मेजरनं ते पाळलं. आंघोळ नाही म्हणजे नाही. त्याच्याशी वाऱ्याची दिशा बघून बोलावं लागायचं. पण माणूस पेटला होता. गोदावरीकडं निघालेले धनगर त्यानं वाटेत गाठले अन् मेंढ्या मैदानावर बसवून घेतल्या. शेतात खतासाठी मेंढ्या बसवतात; खेळाच्या जागेवर बसवलेल्या आम्ही पहिल्यांदाच बघितल्या. त्यांनी वाळकी हरळी न्हाव्यानं भादरल्यासारखी केली. मग लेंड्या झाडून खळ्यांच्या बाजूला पुरल्या. खडा न् खडा वेचला. सगळं मैदान पिवळं, कडक, बोडकं. पाय आपटला तर ठण्ण वाजायचं. मला तर वाटलं, गेली विहीर. मी तिला तसं म्हणलोही. तिनं घरातले रिकामे हंडे मोजायला घेतले, म्हणजे तिलाही तसंच वाटत होतं.

मॅचच्या दिवशी पहाटे तिनं स्वतः मेजरला एक कळशी नेऊन दिली. "आज आंघोळ करा. आमच्या पाण्याची इज्जत हाय." थोड्या वेळानं बघते तर हा शेवटच्या खळ्यावर उकिडवा बसून त्या पाण्यात शेण कालवून सारवतोय. तिनं कपाळावर हात मारला. "मेलं येडं," म्हणाली, अन् खाली बसून दुसऱ्या बाजूनं सारवू लागली.

मोठे साहेब जीपमधून उतरले. रिटायर व्हायला आलेले, गुडघे गेलेले, तोंड कडू. मैदान बघून म्हणाले, "हे काय? गोल्फ आहे का खळं?"

"तेच म्हणतोय साहेब," शेठ पुढं झाले, चेहरा फुललेला. "मी इंजिन आणून ठेवलंय—"

तेवढ्यात मेजरनं हात पुढं केला. साहेबांनी मिळवला. मग स्वतःचा हात नाकाशी नेला.

"शेण?"

"हौ साब. ताजा."

शेठनं डोळे मिटून घेतले.

पहिला फटका लातूरच्या एका तरण्या साहेबांनी मारला. उंच गेला, झोकात गेला अन् बाभळीत अडकला. मग मोठे साहेब. हे मी खेळ न कळणारा माणूस सांगतो, त्यांचा फटका चुकला. चेंडू वर उठलाच नाही, जमीन घासत सुटला. हिरव्या ओल्या गवतावर तो चार पावलांत बसला असता. पण ती आमची मुरमाड जमीन, वर वाळकी हरळी. चेंडू टणाटण उड्या मारत निघाला, उतार धरला, बाभळीखालून गेला, पहिलं खळं मागं टाकलं अन् थेट विहिरीकडं. तिथं पाण्याची रांग लागलेली. बाया किंचाळून बाजूला झाल्या. आमच्या तिनं कठड्यापाशी पाय आडवा घातला अन् चेंडू पायाखाली दाबला.

मोठे साहेब गुडघे विसरून आले. जवळजवळ पळत. "हा कोणी मारला?"

"आपने, साब," मेजर म्हणाला.

"मी? इथपर्यंत?" त्यांनी वळून बघितलं. जिथून मारला तिथली माणसं ओळखू येत नव्हती.

"घ्या तुमचं," आमची ती म्हणाली अन् पाय उचलला. "आत पडला असता तर काढायलासुदिक पाणी न्हाई." अन् तिनं पोहरा सोडला. खर्र.

शेठ धापा टाकत पोचले. "साहेब, बरोबर इथंच इंजिन बसवतो. पुढच्या वेळी याल तेव्हा सगळं हिरवंगार—"

"हिरवं?" मोठे साहेब एकदम गरजले. "जन्मभर हिरव्यावर खेळलो मी. चेंडू तिथंच बसायचा. खबरदार, कोणी थेंब टाकला तर! हे मैदान आहे असंच पाहिजे मला. पुढच्या महिन्यात मी परत येतो."

आमच्या तिच्या हातात दोर होता. तो तिनं सोडला नाही, पण ओढायची थांबली. मेजरनं टोपी काढून छातीशी धरली. इंजिनावरची ताडपत्री त्या दिवशी निघाली ती इंजिन परत टेम्पोत चढवायलाच.

संध्याकाळी ती मेजरला म्हणाली, "तुमच्या साहेबानं विहिरीत वाकूनसुदिक बघितलं न्हाई."

"अक्का, वो अपने फटके के वास्ते बोला," मेजर म्हणाला. "पर पानी नक्को बोला ना? बस."

दुसऱ्या दिवशी रांगेत तिनं त्याची कळशी काठोकाठ भरली. "करा आता आंघोळ. लांबून वास येतो." त्यानं ती आंघोळ विहिरीपासच्या त्या जागेवर केली, जिथं तिच्या पायाखाली चेंडू थांबला होता. बायांकडं पाठ करून, रीतसर.

पुढं पाऊस झाला. हरळी आपली आपण उठली, कोणी काही न करता, अन् गायरान असं हिरवं झालं की शेठ पाहुण्यांना आणून दाखवायचे, "आम्ही केलं." मोठे साहेब एकदा आले, मग रिटायर झाले. इथले साहेब बदलून गेले, नवे आले त्यांना पत्त्यांची आवड. क्लब मोडला. मेजरला कोणी जा म्हणलं नाही अन् राहा म्हणलं नाही. एक दिवस त्यानं पोतं भरून हरळी काढली अन् नांदेडच्या एस.टी.ला जाऊन उभा राहिला. निजामाबादकडं कुठल्या शाळेचं मैदान करायचं होतं म्हणे. आम्ही दोघं सोडायला गेलो. कंडक्टरनं पोत्यात हात घालून बघितलं.

"काका, ही हरळी हाय."

"हौ."

"जिथं उतरताल तिथं फुकट मिळंल की."

"वहाँ की कैसी है, क्या मालूम," मेजर म्हणाला. "ये मेरे पहचान की है."

आमच्या तिनं खिडकीतून भाकरीचं गाठोडं दिलं अन् वरून ओरडली, "जिथं जाल तिथं पाणी कुणाचं ते आधी विचारा!"

"हौ अक्का," तो म्हणाला. गाडी गेली. परत तो आला नाही अन् त्याची खबरही आली नाही.

मागच्या साली ती दवाखान्यात होती. सलाईन लावायला उशीर झाला म्हणून मी नर्सबाईशी भांडत होतो, सगळा वार्ड गोळा करून. खाटेवरून आवाज आला, बारीक, "बैठ अम्मा, बैठ." नर्सबाईला वाटलं, तापात बरळून राहिल्या. मी बसलो. त्यानंतर ती माझ्याशी भांडली नाही.

तिला माती दिली ती गायरानाच्या उरलेल्या तुकड्यात, विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. बाकी सगळे प्लॉट झाले. विहिरीवर जाळी आहे. गेल्या हप्त्यात पोराबरोबर गेलो होतो. जागेवर हरळी पसरली आहे, गच्च. पोरगा म्हणाला, "बाबा, औषध मारून घेऊ अन् वरून फरशी बसवू. बरं दिसंल." मी म्हणलं, "फरशी नको." तो फोनवर बोलत पुढं गेला.

अन् माझा हात आपोआप खाली गेला. जुनी सवय. एक झुपका धरून ओढला, तो मुळासकट वर आला. हातात घेऊन उभा राहिलो. ती असती तर म्हणाली असती, एक मुळी ठेवू नका. मेजर असता तर टोपी काढून खाली बसला असता. दोघांच्या मध्ये मी.

इकडं तिकडं बघितलं. पोरगा लांब होता. झुपका होता तिथं परत बसवला, चप्पल काढली अन् टाचेनं हळू दाबला.

"बैठ अम्मा," म्हणलं, "बैठ."